इम्रानभाईचा अंगठा

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत मी 'धाडी घालणाऱ्या मॅडम' म्हणून ओळखली जाते. हा गैरसमज दूर करायचा प्रयत्न मी केव्हाच सोडून दिला, कारण त्याच्या जोरावर पार्किंगमधल्या माझ्या जागेत कोणी गाडी लावत नाही. खरं सांगायचं तर आयुष्यात मी एकही धाड घातलेली नाही. कंपन्यांमधल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत मी चौकशी अधिकारी होते. नोकरी दिल्लीत, घर पनवेलला आणि उरलेलं आयुष्य रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर, असा माझा संसार झाला. नवऱ्याने तो निभावून नेला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

आमचं काम लोकांना समजावणं अवघड. चोरी कळते, लाच कळते, पण 'स्पर्धेला मारक वर्तन' म्हटलं की समोरचा जांभई देतो. एकदा एका तालुक्याच्या गावी मंडपवाल्यांच्या संघटनेची चौकशी करायला गेले. अध्यक्षांनी मला हार घातला आणि अभिमानाने म्हणाले, "मॅडम, आमच्यात अजिबात भांडणं नाहीत. सगळे एकत्र बसतो, एकच भाव ठरवतो, कोणी एक पैसा कमी करत नाही. गाव करी ते राव न करी!" ज्या गुन्ह्याचा पुरावा शोधायला मी गेले होते, तो त्यांनी माझ्याच गळ्यात हार घालून मला सांगितला. एकीचं बळ हे आपल्याकडे शाळेपासून शिकवतात. तीच एकी गिऱ्हाइकाला लुटायला वापरली की कायदा आड येतो, हे शिकवायचं राहून जातं.

दुसरा प्रकार त्याहून चलाख, आणि मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच प्रकारातली. एखादी कंपनी मोठी झाली तर तिचं अभिनंदन, मोठं असणं हा गुन्हा नाही. पण समजा, बाजारातले सगळे गाळे एकाच मालकाचे आहेत आणि तो म्हणतो, "गाळा देतो, पण लोणचं माझ्या मेहुण्याचंच ठेवायचं, तेही पुढच्या फळीवर. दुसऱ्याचं ठेवायला मनाई नाही, मागच्या कोपऱ्यात ठेव." आता मेहुण्याचं लोणचं खारट असो की आंबूस, खपणार तेच. बळी तो कान पिळी. ते थांबवायला आम्ही होतो, निदान तसा पगार घेत होतो.

रूपेश घरतची तक्रार माझ्या टेबलावर आली ती या लोणच्याचीच होती. लोणच्याच्या जागी होता ब्राउझर. ब्राउझर म्हणजे फोनवर वेबसाइट उघडून दाखवणारं ॲप. बहुतेकांना तो वेगळा काही प्रकार आहे हेच माहीत नसतं. ते त्याला सरळ 'इंटरनेट' म्हणतात आणि फोन घेतला त्या दिवशी जो होता तोच फोन मोडेपर्यंत वापरतात. बरं, ब्राउझर फुकट असतो, मग त्यावरून मारामारी कशाला, असं मला नेहमी विचारतात. तुम्ही काय शोधता, काय वाचता, काय विकत घेता हे ज्याचा ब्राउझर त्याला आधी कळतं, आणि जाहिरातींचा सगळा धंदा त्या कळण्यावर चालतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी एवढे मोठे वकील कोणी उगाच उभे करत नाही.

रूपेश आगरी समाजातला, उलव्याजवळच्या गावचा. बापाची शेती विमानतळाच्या प्रकल्पात गेली. घरातल्या बाकीच्यांनी डंपर घेतले, याने इंजिनीअर होऊन ब्राउझर बनवला. मराठीत चालणारा, कमी जागेत मावणारा, बोलून सांगितलं तरी शोधून देणारा. तक्रार अशी की फोन बनवणारी एकही कंपनी तो फोनमध्ये घालून द्यायला तयार नव्हती. ज्या मोठ्या कंपनीचं ॲप्सचं दुकान प्रत्येक फोनला लागतंच, तिची अट होती की दुकान हवं तर आमचा ब्राउझरही घ्या आणि पहिल्याच पानावर ठेवा. त्या कंपनीचं नाव मी घेणार नाही. निवृत्त झाले तरी काही सवयी सुटत नाहीत.

त्याचं ऑफिस बघायला मी उलव्याला गेले. चारी बाजूंना इमारती उभ्या राहत होत्या. खिडक्या बंद ठेवूनही टेबलावर सिमेंटची धूळ बसलेली होती. मी बसते न बसते तोच रूपेशची आई चहा घेऊन आली. पार्वतीबाई त्यांचं नाव. लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, नजर थेट. तक्रारदाराकडे पाणीसुद्धा घ्यायचं नाही असा आमचा दंडक, तो मी सांगितला.

"आमच्या घरचा च्या चालत नाय काय तुमाला?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही हो. सरकारी नियम आहे."

"सरकारला आमची जमीन चालली, च्या तेवढा चालत नाय," असं म्हणून त्यांनी कप माझ्यासमोरून उचलला आणि तिथेच उभ्या राहून स्वतः पिऊन टाकला. रूपेश अर्धमेला झाला होता. मला मात्र बाई आवडली. नोकरीत मला कोणी इतकं चोख उत्तर क्वचितच दिलं होतं.

जाताना रूपेश म्हणाला, "मॅडम, मला भरपाई नको. लोकांनी माझा ब्राउझर बघून नको म्हटलं तर मी गप घरी बसीन. पण बघायला तर मिळू दे." हे वाक्य मी त्या वेळी कुठेही नोंदवलं नाही, पण पुढची सगळी वर्षं ते माझ्याबरोबर राहिलं. चौकशी अधिकाऱ्याने कोणाची बाजू घ्यायची नसते, आणि मी ती कागदावर कधी घेतली नाही. मनाला मात्र कोणी विचारत नाही.

चौकशी सुरू झाली. फोन बनवणाऱ्या कंपन्यांचे अधिकारी आले आणि सगळ्यांनी कानावर हात ठेवले. अट? कसली अट? आम्ही आनंदाने घेतो! एकाने मात्र बाहेर व्हरांड्यात मला सांगितलं, "मॅडम, ॲप्सच्या दुकानाशिवाय फोन विकला जात नाही. नाही म्हणायची सोय कुठे होती?" पुढे त्याने हेच शपथेवर लिहून दिलं. त्याच्या धाडसाची मला आजही कदर आहे, कारण त्याची नोकरी त्या सहीवर टांगलेली होती.

मोठ्या कंपनीच्या वकिलांचं म्हणणं अगदी गोड होतं. "आम्ही कुणाला अडवलंय? दुसरा ब्राउझर उतरवून घ्यायला मिनिटसुद्धा लागत नाही." वाक्य खरं होतं, म्हणूनच त्रासदायक होतं. मिनिट लागत नाही, पण ते मिनिट कोणीच खर्च करत नाही. आयतं समोर आलेलं माणूस खातो, मी स्वतः खाते. आम्ही ते पुराव्याने दाखवून दिलं आणि अट बेकायदा ठरणार हे स्पष्ट झालं. मग प्रश्न आला उपायाचा. नुसता दंड करून भागणार नव्हतं. अशा कंपन्यांना दंड म्हणजे टोलनाक्यावरची पावती, भरायची आणि पुढे जायचं.

उपाय सुचला तो निवडीचा पडदा. नवा फोन पहिल्यांदा चालू केला की त्यावर पाच-सहा ब्राउझरांची नावं यावीत, दर वेळी वेगळ्या क्रमाने, आणि ज्याचा फोन त्याने हवा तो निवडावा. परदेशांतही असं काहीसं करतात. आमच्या तांत्रिक सल्लागारांना ते फारच आवडलं. आश्चर्य म्हणजे कंपनीच्या वकिलांनीही फारशी कुरकुर केली नाही. "फोन सुरू करतानाच पडदा दाखवू, मान्य आहे," म्हणाले. समोरचा वकील पटकन 'हो' म्हणाला की आपला कागद पुन्हा वाचावा, एवढं तरी मी नोकरीत शिकले होते. मी पुन्हा पुन्हा वाचला, पण मला त्यात काही खोट सापडली नाही.

ती सापडली दसऱ्याच्या रजेत, पनवेलच्या लाइन आळीत. नवऱ्याला फोन घ्यायचा होता, म्हणून आम्ही इम्रानभाईच्या दुकानात गेलो. इम्रानभाई आमचा जुना माणूस. बोलायला मिठ्ठास, भावात घट्ट. सणामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी पेढे घेऊन आलं होतं, कोणी नव्या फोनला लावायला हळदकुंकवाची पुडी. आपल्याकडे नवा फोन घेतला म्हणजे तो तसाच घरी नेत नाहीत. दुकानदारच खोका फोडतो, काच चिकटवतो, सिम घालतो, फोन चालू करतो आणि सगळं 'सेटिंग' करून हातात देतो. मग त्याला कुंकू लागतं आणि पहिला फोटो देवाचा निघतो.

इम्रानभाईने आमचा खोका फोडला. एका कानाला स्वतःचा फोन, समोरच्या बाईशी कव्हरच्या रंगावरून घासाघीस, आणि डाव्या हाताचा अंगठा आमच्या नव्या फोनवर टकटक, टकटक. प्रश्न येत होते, अंगठा त्यांना उडवत होता. भाषा कुठली, ठिकाण कळू द्यायचं का, अटी मान्य का... कशाकडे त्याचं लक्षसुद्धा नव्हतं.

मी विचारलं, "इम्रानभाई, आत्ता त्यात काय लिहिलं होतं?"

"कशात?"

"तुम्ही दाबत होतात त्यात."

"अरे मॅडम, वो कौन पढता है! कस्टमर बोलतो, भाई, सेटिंग करून दे. मी देतो. अल्ला का करम, आजपर्यंत एक कंप्लेंट नाय."

मी नवऱ्याला फोन घेऊन घरी पाठवलं आणि स्टूल मागून तिथेच बसले. संध्याकाळपर्यंत जेवढे फोन विकले गेले, त्यातला एकही ज्याचा होता त्याने स्वतः चालू केला नाही. आम्ही वर्षानुवर्षं भांडून ग्राहकाला निवडीचा हक्क देणार होतो आणि तो हक्क इम्रानभाईच्या अंगठ्याखाली टकटक करत निघून जाणार होता. वकील पटकन 'हो' का म्हणाले ते मला आता कळलं. त्यांच्या कंपनीची माणसं रोज अशा दुकानांमध्ये फिरत होती. आम्ही मात्र दिल्लीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो.

मसुदा वर जायला थोडेच दिवस उरले होते. दिल्लीत पोहोचल्याबरोबर मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब हुशार आणि सज्जन, पण एकदा टाइप झालेला कागद बदलायचा म्हटलं की त्यांना ताप भरे.

"मॅडम, सगळ्या जगात फोन सुरू करतानाच विचारतात," ते म्हणाले.

"सगळ्या जगात माणूस आपला फोन आपण उघडत असेल, सर. पनवेलमध्ये तो इम्रानभाई उघडतो."

"पनवेल म्हणजे भारत नव्हे."

"मग तुमच्या गावात कोण उघडतो?"

साहेबांनी मसुदा खाली ठेवला. मग म्हणाले, "माझ्या वडिलांचा फोन... गुप्ताजींच्या दुकानातून..." आणि खुर्चीत मागे रेलले. मला हसू आलं, ते मी खोकल्यात लपवलं.

पण साहेबांचे वडील हा काही पुरावा होत नाही. मी इम्रानभाईला साक्षीला बोलवायचं ठरवलं. फोनवर सांगितलं तर तो घाबरलाच. "मॅडम, मेरे पे केस तो नहीं ना? मी फक्त गलास लावतो हो!" केस नाही, सरकार विमानाने नेणार आहे, हे कळल्यावर आवाज बदलला. जामा मशीद बघायला वेळ मिळेल का, एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, मिळेल.

सुनावणीला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. कंपनीचे वकील ओळीने बसलेले होते. साहेबांनी त्याच्या हातात एक खोका दिला आणि सांगितलं, "गिऱ्हाइकाला देता तसा तयार करून द्या." त्या फोनमध्ये आम्ही निवडीचा पडदा घालून ठेवला होता, आणि दोन्ही बाजूंच्या तंत्रज्ञांनी तो आधी तपासला होता. इम्रानभाईने खोका फोडला आणि हात चालू झाल्याबरोबर त्याची भीडही चेपली. काच चिकटवता चिकटवता तो साहेबांना आपल्या मुलीच्या बारावीच्या मार्कांबद्दल सांगू लागला. अंगठा चाललाच होता. शेवटी शर्टाच्या बाहीने फोन पुसून त्याने पुढे केला. "घ्या सर. मुबारक हो."

"तुम्ही ब्राउझर कोणता निवडलात?" साहेबांनी विचारलं.

इम्रानभाईने आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ब्राउझर? वो कब आया?"

समोरच्या ओळीत एकही माणूस हसला नाही. आमच्या ओळीत मात्र साहेबांसकट सगळे हसले. पडदा फोन सुरू करताना येणार नाही, फोनचा मालक पहिल्यांदा इंटरनेट उघडेल तेव्हा येईल, असं आदेशात लिहिलं गेलं. एवढासा बदल. लोकांना दंडाची बातमी आठवते, मला माझ्या नोकरीतली ही एक ओळ आठवते. मला तिचा गर्व आहे, आणि या वयात तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

पण कायदा जिंकला म्हणजे माणूस जिंकला असं होत नाही. कंपनी वरच्या कोर्टात गेली, मग त्याच्याही वर. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते खटला हरणाऱ्यापेक्षा जिंकणाऱ्यानेच जास्त लक्षात ठेवावं. दरम्यान रूपेशची माणसं एकेक करून सोडून गेली. उलव्याचं ऑफिस गेलं. तो बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या गोदामांसाठी कंटेनरच्या हिशेबाची सॉफ्टवेअर करून देऊ लागला आणि उरल्या वेळात ब्राउझर कसाबसा जिवंत ठेवू लागला. आमच्या कचेरीने निर्णय दिला तो बरोबर दिला, पण उशिरा दिला. याची टोचणी मला आहे आणि राहणार.

मी निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी सगळ्यात वरच्या कोर्टाने आमचा आदेश कायम केला. नव्या फोनवर पडदा येऊ लागला, आणि त्यात रूपेशचा ब्राउझरही होता. त्याने मला फोन केला. "मॅडम, आता तुम्ही रिटायर. आता माझ्याबरोबर दिसायला हरकत नाही ना? आयेला नवा फोन घ्यायचा आहे. या इम्रानभाईकडे." मग म्हणाला, "खरं सांगू का, ब्राउझर बंदच करायचं ठरवलंय. गोदामाचं काम आणि हे, दोन्ही होत नाय. पण एकदा पडदा डोळ्यांनी बघतो आणि मग बंद करतो."

पार्वतीबाई आता पुष्कळ थकल्या होत्या, पण नजर तशीच थेट. इम्रानभाईने खोका फोडला, काच लावली, सगळं सेटिंग केलं आणि फोन त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी इंटरनेटचं चित्र दाबलं. पडद्यावर सहा नावं आली.

"ह्या काय आला? दाब रं तूच," त्या इम्रानभाईला म्हणाल्या. त्याचा अंगठा सवयीने पुढे आलाही होता. मी नुसतं "इम्रानभाई" म्हटलं. त्याने हात मागे घेऊन पाठीशी बांधला.

"तुमीच दाबा, चाची. माझं काम संपलं."

त्यांनी चष्मा पुसला. बोट वरून खाली आलं. रूपेशचा ब्राउझर तिसरा होता. बोट त्याच्यावर थांबलं, आणि मी, सरकारी नोकरीत जन्मभर तटस्थ राहिलेली बाई, मनातल्या मनात 'दाबा, दाबा' म्हणत होते. बोट पुढे गेलं आणि मोठ्या कंपनीच्या ब्राउझरवर टेकलं.

"आये!" रूपेश ओरडलाच. "आपला होता ना त्यात!"

"दिसला मना. आंदली नाय झाली मी."

"मग?"

"तुजा लय सावकाश चालते. भजन लावला का मदीच आडकते. तुला वाईट वाटंल म्हणून एवढे दिस बोल्ली नाय. आता ह्या फोननी इचारला, तर सांगितला."

रूपेशचे कान लाल झाले होते. मला आधी हसू फुटलं आणि मग एकदम भरून आलं. इतक्या वर्षांच्या खटल्यात एवढे साक्षीदार झाले, एवढे वकील बोलले, पण रूपेशचा ब्राउझर चांगला आहे की वाईट हे आमच्यापैकी एकानेही सांगितलं नव्हतं. त्याला कोणी बघूच देत नव्हतं, तर सांगणार कोण? तो हरला होता, पण या वेळी त्याला कोणी दारात अडवलं नव्हतं. गिऱ्हाइकाने समोरासमोर नको म्हटलं होतं.

आता हा उठणार, आईला घेऊन घरी जाणार आणि ठरवल्याप्रमाणे ब्राउझर बंद करणार, असं मला वाटलं. तो उठला खरा. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल त्याने ओढलं, आईच्या शेजारी टेकला आणि आपला फोन तिच्यापुढे धरला.

"कुठं आडकते," तो म्हणाला, "दाव मना."